वेग कोणाचा आणि दंड कोणाला?

वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल आलेल्या दंडाला आव्हान देणे हा निव्वळ आडमुठेपणा आहे, अशी समजूत सुशिक्षित समाजात पक्की रुजली आहे. नियम मोडला, कॅमेऱ्याने टिपले, चलन आले. आता निमूटपणे पैसे भरावेत आणि पुढच्या वेळी जपून गाडी हाकावी, यात वाद घालण्याजोगे काय आहे, असे ही मंडळी विचारतात. प्रश्न इतका साळसूदपणे विचारला जातो की, त्याच्या पोटात दडलेली दोन गृहीतके सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. पहिले गृहीतक असे की, यंत्राने केलेला आरोप हाच न्यायनिवाडा होय. दुसरे असे की, गाडीचा वेग हा सर्वस्वी चालकाच्या मर्जीचा विषय आहे. ही दोन्ही गृहीतके खोटी आहेत. विशेष म्हणजे, ज्या मोटार वाहन कायद्याचा हवाला देऊन दंड वसूल होतो, त्या कायद्यालाच ती मान्य नाहीत.

मुद्द्याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. वेगमर्यादा हा जुलूम नव्हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यूंचे कारण म्हणून अतिवेगाची नोंद झाली. मृतांमध्ये सर्वांत मोठा गट दुचाकीस्वारांचा होता आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक खासगी प्रवासी बस पेटून २५ जण गेले, ती आठवण महाराष्ट्रात अजून ताजी आहे. रस्त्यावरच्या बेफामपणाची किंमत मोटारीत बसलेल्यापेक्षा सायकलवाला, मजूर, शाळकरी पोर अधिक मोजते. म्हणून कॅमेरे फोडा, मर्यादा उठवा असे म्हणणारा श्रमिकांचा कैवारी असूच शकत नाही. वाद मर्यादेबद्दल नाही. मर्यादा मोडली गेली हे ठरवायचे कोणी, कोणत्या पुराव्यावर, आणि त्याचे प्रायश्चित्त कोणी घ्यायचे, याबद्दल आहे.

आरोप आणि निवाडा

लोकशाही राज्यात आरोप करणारा आणि निवाडा देणारा एकच असता कामा नये, हे तत्त्व शाळेतील नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही सापडते. ई-चलनाच्या व्यवहारात मात्र ते गुंडाळून ठेवले गेले आहे. चालकाच्या किंवा मालकाच्या फोनवर एक संदेश येतो, त्यात रक्कम असते, भरण्याची खूण असते. ही फक्त आरोपाची सूचना आहे आणि आपल्याला ती नाकारता येते, हे शंभरातल्या किती चालकांना ठाऊक असते? सरकारी यंत्रणेला ते ठाऊक करून देण्याची घाई नसते, कारण भरलेला दंड तिजोरीत जमा होतो आणि लढवलेला दंड कामाचा बोजा वाढवतो.

कायदा काय सांगतो ते पाहण्यासारखे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १८३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, अमुक गाडी बेकायदा वेगाने धावत होती असे एकट्या साक्षीदाराचे मत असेल, तर केवळ त्यावर कोणालाही दोषी ठरवता येणार नाही; ते मत यांत्रिक अथवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने केलेल्या मोजणीवर आधारलेले असले पाहिजे. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या शिपायाच्या डोळ्यांवर विसंबून माणसाला शिक्षा होऊ नये, एवढी सावधगिरी कायदा करणाऱ्यांनी बाळगली होती. आता डोळ्यांची जागा यंत्राने घेतली आहे. तेव्हा यंत्राचीही तीच परीक्षा व्हायला हवी.

त्यासाठीही नियम आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम घालण्यात आला. त्याप्रमाणे वेग टिपणाऱ्या उपकरणाला राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचे, ते अचूक चालते असे प्रमाणपत्र असले पाहिजे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण झाले पाहिजे. कॅमेऱ्याची नजर असलेल्या रस्त्यावर तशी सूचना देणारे ठळक फलक आधी लावले पाहिजेत. चलनासोबत गाडीच्या नंबरपट्टीचे स्पष्ट छायाचित्र, उपकरणाने केलेली मोजणी, तारीख, वेळ, स्थळ, कोणत्या कलमाचा भंग झाला त्याचा उल्लेख आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासंबंधीचे अधिकृत प्रमाणपत्र असले पाहिजे. नोटीस पंधरा दिवसांत पाठवली पाहिजे.

याहून जुने संरक्षण कलम २०९ मध्ये आहे. अतिवेगाच्या किंवा धोकादायक रीतीने गाडी हाकण्याच्या खटल्यात, आरोपीला जागेवरच ताकीद दिलेली नसेल, चौदा दिवसांच्या आत त्याला किंवा नोंदणीकृत मालकाला गुन्ह्याचे स्वरूप, वेळ व स्थळ सांगणारी नोटीस गेलेली नसेल आणि अठ्ठावीस दिवसांत समन्सही बजावलेले नसेल, तर त्याला दोषी ठरवता येत नाही. नाव-पत्ता वेळेत मिळणे शक्यच नव्हते, यांसारखे मोजके अपवाद सोडले तर हा दंडक कडक आहे. तो कशासाठी? तीन महिन्यांपूर्वी अमुक वळणावर गाडीचा वेग किती होता, हे कोणालाही आठवत नाही. आठवण शाबूत असताना माणसाला जाब विचारावा, म्हणजे त्याला उत्तर देता येते. इतकी साधी माणुसकी त्या कलमात आहे.

गावातल्या वाण्याच्या तराजूला ठरावीक मुदतीने शिक्का मारून घ्यावा लागतो, पेट्रोल पंपाच्या मापाची तपासणी होते, टॅक्सीच्या मीटरला मोहोर लागते. पण ज्या रडारवर विसंबून चालकाच्या चार दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडायला लावले जाते, ते रडार वजनमाप कायद्याच्या सक्तीच्या पडताळणीखाली आणणारे केंद्राचे नियम अमलात यायला जुलै २०२५ उजाडावा लागला. किलोभर साखरेत दहा ग्रॅमची खोट पकडणाऱ्या राज्याला स्वतःच्या मापाची आठवण इतकी उशिरा व्हावी, यातच त्याचा कल कळून येतो.

न्यायालयाच्या दाराशी

यावर उत्तर मिळते की, कायद्यात हक्क आहेत ना, मग ज्याला वाटेल त्याने न्यायालयात जावे. हे उत्तर वरकरणी बिनतोड वाटते. परंतु न्यायालयात जायला एक दिवस लागतो, बहुधा एका दिवसाने भागत नाही, आणि रोजावर काम करणाऱ्याचा दिवस फुकट नसतो. गाडी पुण्याची, चलन नागपुराकडचे. चालकाने तेथे हजर व्हायचे, वकील गाठायचा, तारीख घ्यायची. दोन हजारांच्या दंडासाठी तीन हजारांचा खर्च करणारा माणूस वेडा ठरतो. म्हणून तो शहाणपणाने, म्हणजेच नाइलाजाने, पैसे भरतो. पुढे सरकार सांगते की, बघा, लोक आपखुशीने दंड भरतात. ज्या हक्काची किंमत दंडापेक्षा जास्त आहे, तो हक्क कागदावरच शोभतो.

त्यात आता नवी भर पडत आहे. दंडाच्या रकमेतील निम्मा वाटा आधी जमा केल्यावाचून न्यायालयाची पायरी चढता येऊ नये, असा विचार केंद्राच्या नियमबदलांत पुढे आला आहे. ज्याचा अपराध सिद्ध झालेला नाही, त्याने निर्दोष असल्याचे सांगण्यासाठी आधी निम्मी शिक्षा भोगावी, असा याचा अर्थ होतो. गिरणी मालकाला वा साखरसम्राटाला ही अट जाचणार नाही. ती जाचेल महिनाअखेरीस खिसा रिकामा झालेल्या टेम्पोचालकाला.

लोकअदालतीचा मार्ग आहेच, असेही सांगितले जाते. लोकअदालतीने अनेक गरिबांची हेलपाट्यांतून सुटका केली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिचे स्वरूप तडजोडीचे आहे. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तिच्या निवाड्यावर अपील नाही. ज्याने गुन्हा केला आहे, त्याला तडजोडीत सवलत मिळते. ज्याने केलेला नाही, त्याने कशाची तडजोड करायची? त्याला दंडात निम्मी सूट नको असते, नावावरचा डाग पुसून हवा असतो. तो डाग किती महाग पडतो, हे पुढे दिसेल.

पैसे भरले म्हणजे सुटका नव्हे

बहुतेक चालकांची समजूत अशी असते की, रक्कम भरली की प्रकरण मिटले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही समजूत धोक्याची झाली आहे. त्या दुरुस्तीने अतिवेगाचा दंड हलक्या वाहनासाठी एक हजार ते दोन हजार आणि मध्यम व अवजड प्रवासी वा मालवाहू वाहनासाठी दोन हजार ते चार हजार रुपये असा ठरवला. महाराष्ट्राने वाढीव दंड लागू करायला डिसेंबर २०२१ पर्यंत वेळ घेतला. पण खरी मेख रकमेत नाही. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर हाच गुन्हा घडला, तर चालकाचे लायसन्स जप्त व्हावे, अशी तरतूद त्याच कलमात आहे. आणि तडजोड शुल्क भरून गुन्हा मिटवण्याची मुभा देणाऱ्या कलम २०० मध्ये त्याच वेळी स्पष्ट घालण्यात आले की, असे पैसे भरल्याने लायसन्सवरील कारवाईतून सुटका होणार नाही. म्हणजे आज कटकट नको म्हणून न केलेल्या गुन्ह्याचे पैसे भरणारा चालक उद्याच्या जप्तीचा पाया स्वतःच्या हाताने रचत असतो.

लायसन्स परवाना अधिकाऱ्याकडे गेल्यावर कलम १९ लागू होते. पहिल्या खेपेस तीन महिने अपात्रता, दुसऱ्या खेपेस लायसन्स रद्द. मोटारीचा शौक असलेल्या गृहस्थाला तीन महिने गाडी हाकता आली नाही, तर तो ड्रायव्हर ठेवील. ड्रायव्हरला तीन महिने गाडी हाकता आली नाही, तर त्याच्या घरची चूल विझेल. कायद्याच्या एकाच ओळीचा अर्थ दोन वर्गांसाठी असा वेगवेगळा होतो, आणि कायदा सर्वांना समान आहे हे वाक्य उच्चारणाऱ्यांच्या हे गावीही नसते.

तथापि येथेही कायद्याने चालकाला पूर्णपणे वाऱ्यावर सोडलेले नाही. लायसन्सवर कारवाई करण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन अधिकाऱ्यावर आहे. अपात्रतेची कारणे लेखी नोंदवावी लागतात. म्हणणे पटले, तर कोणतीही कारवाई न करता चालकाला मोकळे करण्याचा अधिकारही त्याच कलमाने दिला आहे. आदेश विरुद्ध गेला, तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. खटला न्यायालयात गेलाच, तर कलम २०८ प्रमाणे वकिलामार्फत हजर राहता येते. तसेच खास वगळलेले गुन्हे सोडून इतर गुन्ह्यांत, समन्समध्ये तसे नमूद असल्यास, नोंदणीकृत पत्राने अपराध कबूल करून रक्कम पाठवता येते. अशा कबुलीवरून लायसन्सची अपात्रता ओढवू नये, असेही ते कलम म्हणते. हे सर्व हक्क आहेत. त्यांची माहिती मात्र कोणत्याही चलनावर छापलेली नसते. सुनावणीची नोटीस आली आणि चालक खेपेवर बाहेरगावी होता, एवढ्या कारणाने एकतर्फी आदेश झाला, तर तीस दिवसांची मुदतही नकळत निघून जाते.

वेळापत्रक लिहिणारा हात

आता दुसऱ्या गृहीतकाकडे वळता येईल. वेग चालकाच्या मर्जीचा असतो काय? केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे, दुभाजक नसलेल्या सर्वसाधारण रस्त्यांवर मालवाहू वाहनाची कमाल मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे. समजा, अशा रस्त्याने १८० किलोमीटरवरच्या बाजारात भाजी न्यायची आहे. माल भरायला उशीर झाला, रात्रीचा एक वाजला, आणि व्यापाऱ्याने बजावले की, गाडी चार वाजता गाळ्यावर लागलीच पाहिजे. नाहीतर भाडे कापले जाईल. हिशेब चौथीतल्या मुलालाही करता येईल. तीन तासांत १८० किलोमीटर म्हणजे सरासरी ताशी ६०. वाटेत घाट, गावे, खड्डे, टोलनाके आणि लघवीला थांबणे धरले, तर उरलेल्या रस्त्यावर मर्यादा मोडल्यावाचून ते अंतर कापता येणारच नाही. त्या रात्री कायदा मोडण्याचा निर्णय चालकाने घेतलेला नसतो. तो व्यापाऱ्याच्या वा मालकाच्या तोंडून आधीच निघालेला असतो. चालक फक्त त्याची अंमलबजावणी करतो आणि कॅमेऱ्याला मात्र तेवढीच दिसते.

समाजवादी कार्यकर्ता हे बोलला, तर त्याला वर्गलढ्याचे वेड लागले आहे असे म्हणतील. म्हणून कायद्याचेच शब्द पाहावेत. कलम १८३ प्रमाणे जो स्वतः मर्यादा मोडतो तो दोषी आहेच. पण जो आपल्या नोकराला किंवा आपल्या ताब्यातील माणसाला मर्यादा मोडायला लावतो, तोही तितकाच दोषी आहे. आणि त्याच कलमाचे चौथे पोटकलम त्याहून पुढे जाते. एखादा प्रवास ठराविक वेळात पुरा करावा असे वेळापत्रक कोणी प्रसिद्ध केले, किंवा तशी सूचना दिली, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय तो प्रवास तेवढ्या वेळात करणे व्यवहारात शक्य नव्हते असे न्यायालयाचे मत झाले, तर ते वेळापत्रक किंवा ती सूचना हाच, ती देणाऱ्याने गुन्हा केल्याचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जाईल. हे पोटकलम कोणा क्रांतिकारकाने लिहिलेले नाही. ते संसदेने संमत केलेल्या कायद्यात १९८८ पासून आहे. वाहतूक शाखेच्या प्रत्येक कचेरीत कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न विचारावा: या पोटकलमाखाली आजवर किती मालकांवर, किती व्यापाऱ्यांवर, किती बस कंपन्यांवर खटले भरले? कॅमेरा नंबरपट्टी वाचतो. मालकाचे वेळापत्रक वाचणारा कॅमेरा अजून कोणत्याही सरकारने बसवलेला नाही.

हीच गोष्ट शहरातील घरपोच मालाच्या धंद्याची. २०२१ नंतर दहा मिनिटांत किराणा दारात पोचवण्याच्या जाहिराती देशभर झळकल्या. पुढे टीका वाढल्यावर काहींनी ते शब्द मागे घेतले. जाहिरातीत मिनिटांचा आकडा छापणे हे वेळापत्रक प्रसिद्ध करणे नव्हे, तर दुसरे काय आहे? आकडा पुसला, तरी फोनवरचे घड्याळ आणि उशिराबद्दल कापला जाणारा मोबदला कायम राहिला, तर वेळापत्रक मागे घेतले असे म्हणता येत नाही. दुचाकीवरचा मुलगा आमचा नोकर नाही, भागीदार आहे, असे कंपनी म्हणते. पण कलमात नोकराबरोबर ताब्यातील माणूसही येतो. ज्याचा रस्ता, वेळ आणि मोबदला कंपनीचे यंत्र ठरवते, तो कंपनीच्या ताब्यात नाही, तर कोणाच्या ताब्यात आहे?

पुढचा टप्पा आणखी निर्लज्ज आहे. चलन गाडीच्या नंबरावर येते, म्हणजे मालकाच्या नावावर येते. मालक ते भरतो आणि रक्कम चालकाच्या पगारातून वळती करतो. उशीर होऊ नये म्हणून ज्याने घाई लावली, तोच घाई केल्याची शिक्षा दुसऱ्याकडून वसूल करतो! नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेप्रमाणे मालकाला कामगारावर मनमानी दंड बसवता येत नाही. कोणत्या चुकीबद्दल दंड होईल हे मंजुरी घेऊन आधी जाहीर करावे लागते, कामगाराला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि त्या वेतन कालावधीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांहून अधिक दंड कापता येत नाही. जुन्या १९३६ च्या वेतन कायद्यातही तीन टक्क्यांचीच मर्यादा होती. पंधरा हजार पगाराच्या चालकाच्या बाबतीत ही मर्यादा ४५० रुपये होते. त्याच्या पगारातून दोन हजारांचे चलन एका फटक्यात कापणे म्हणजे महिन्याच्या कमाईचा साडेसातवा हिस्सा उचलणे होय. दंडाच्या नावाखाली ते करायला संहितेत जागा नाही.

माफीची मागणी कोणाची?

जुलै २०२५ मध्ये राज्यातील वाहतूकदारांनी ई-चलनांविरुद्ध संप पुकारला. त्यांच्या तक्रारींत तथ्य होते. पण तो मुख्यतः गाडीमालकांचा संप होता, हे विसरता येत नाही. थकलेली चलने माफ करा, ही त्यातील ठळक मागणी. सरसकट माफीने मालकाची तिजोरी हलकी होण्याचे वाचते. चालकाच्या पगारातून आधीच कापून गेलेले पैसे काही परत येत नाहीत. माफी निर्दोष माणसाला निर्दोष ठरवत नाही, आणि शाळेसमोरून शंभरच्या वेगाने गेलेल्या धनिकपुत्रालाही तीच माफी मिळते. ज्या मागणीने अपराधी आणि निरपराध यांना एकाच पंक्तीला बसवले, तिला न्यायाची मागणी म्हणता येणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर पळून जाण्याबद्दलच्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध देशभरचे चालक स्वतः रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारला ती तरतूद अमलात आणणे थांबवावे लागले. चालकांना स्वतःचा आवाज आहे. त्यांना मालकांच्या आवाजाची उसनवारी करण्याची गरज नाही.

दंडाच्या मापाचाही विचार झाला पाहिजे. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड माणसाच्या दैनंदिन उत्पन्नाच्या हिशेबाने ठरवण्याची पद्धत आहे आणि वेगमर्यादेचा गंभीर भंग करणाऱ्यालाही ती लागू होते. तेथे श्रीमंताला श्रीमंतासारखा दंड होतो. आपल्याकडे हलक्या मोटारीच्या मालकाला, त्याचे उत्पन्न महिन्याला पाच लाख असले तरी, दोन हजारांच्या वर दंड नाही. अवजड गाडीच्या मजुरीवरच्या चालकाला दोन हजारांच्या खाली नाही. अवजड गाडी अधिक घातक, म्हणून दंड अधिक, हे समजू शकते. पण दंडाचा हेतू जरब बसवणे हा असेल, तर ज्याला दोन हजार म्हणजे एका रात्रीच्या जेवणाचे बिल, त्याला कसली जरब?

कार्यकर्त्यांचे काम

केवळ संताप व्यक्त करून यातले काही बदलणार नाही. पुण्यात बाबा आढावांनी हमालांची आणि रिक्षाचालकांची पंचायत उभी केली, मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी टॅक्सीचालकांना संघटित केले, तेव्हा रोजच्या पोलिसी जाचाला, मीटरला, परवान्याला क्षुल्लक बाबी मानून चालले नसते. श्रमिकाला राज्यसंस्था भेटते ती संसदेत नव्हे. चौकात, नाक्यावर आणि आता फोनच्या पडद्यावर भेटते.

प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, ट्रक टर्मिनसवर, बाजार समितीच्या आवारात आठवड्यातून एक संध्याकाळ चलनांच्या तपासणीसाठी राखून ठेवणे अवघड नाही. चलन घेऊन आलेल्या चालकासोबत पाच गोष्टी पाहायच्या: छायाचित्रातील गाडी आणि नंबर खरोखर त्याचाच आहे काय, स्थळ आणि वेळ टोलच्या पावतीशी व मालाच्या बिल्टीशी जुळते काय, त्या जागी मर्यादा किती होती आणि फलक होता काय, उपकरणाचे प्रमाणपत्र त्या तारखेस मुदतीत होते काय, आणि नोटीस किती दिवसांनी आली. यांपैकी काही खटकले, तर मुदतीच्या आत लेखी तक्रार करावी, प्रमाणपत्राची मागणी करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. काहीच खटकले नाही, मर्यादा खरोखर मोडली असेल, तर दंड भरावा. पण लायसन्सवरील सुनावणीला चालकाने एकटे जाऊ नये. पूर्वीचा स्वच्छ इतिहास, कुटुंबाचे अवलंबित्व, मालकाने घातलेली वेळ या गोष्टी अधिकाऱ्यासमोर लेखी ठेवाव्यात. मालकाचा 'चारच्या आत पोच' असा फोनवरचा संदेश पुसून टाकू नये; चौथ्या पोटकलमाचा पुरावा तोच आहे. आणि चलनाकडे दुर्लक्ष करून ते साचू देणे हा मार्ग नव्हे; त्याने गाडीची आणि लायसन्सची कामे अडतात आणि हक्काच्या मुदती निघून जातात.

विधि सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्नाचे नागरिक यांना सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. वाहतुकीचे चलन ही त्यासाठी फार किरकोळ बाब आहे, असे कोणी अधिकारी म्हणाला, तर ते त्याच्याकडून लेखी घ्यावे.

यासोबतच लबाडीच्या वाटांना ठाम नकार दिला पाहिजे. नंबरपट्टी वाकवणे, चिखल फासणे, दुसऱ्या गरिबाच्या नावावर गुन्हा ढकलणे, नाक्यावर शंभराची नोट सरकवणे, हे चालकाचे शहाणपण म्हणून सांगितले जाते. तो श्रमिकाचा प्रतिकार नव्हे. त्याने व्यवस्था जशीच्या तशी राहते आणि हप्त्यावर जगणारे तेवढे पोसले जातात.

मागण्या मोजक्या आणि स्पष्ट असाव्यात. प्रत्येक चलनावर आव्हान देण्याचा हक्क, मुदत आणि कचेरीचा पत्ता मराठीत छापावा. चालकाला राहत्या जिल्ह्यात सुनावणी मिळावी आणि ती कामाच्या वेळेबाहेरही व्हावी. न्यायालयात जाण्यासाठी आगाऊ रकमेची अट नसावी. उपकरणाचे प्रमाणपत्र सर्वांना पाहता यावे. व्यावसायिक चालकाच्या लायसन्सवर कारवाई करण्यापूर्वी मालकाचे वेळापत्रक तपासणे बंधनकारक करावे, आणि ते अशक्य कोटीतले आढळल्यास खटला आधी मालकावर भरावा. चलनाची रक्कम पगारातून कापणाऱ्या मालकाविरुद्ध कामगार खात्याने स्वतःहून कारवाई करावी.

या मागण्या मान्य झाल्या, तर रस्ते अधिक बेफाम होतील अशी भीती कोणी दाखवील. खरे तर उलट घडेल. घाई लावणाऱ्याला घाईची किंमत मोजावी लागली, तर तो वेळापत्रक बदलेल. वेळापत्रक बदलले, तर चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप सैल होईल, आणि पायी चालणाऱ्या माणसाचा जीव वाचेल. चालकाच्या एकट्याच्या खिशातून कितीही पैसे काढले, तरी पहाटे चारचा बाजार पहाटे चारलाच भरणार. तो पाचला भरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांच्या दारी पहिले चलन गेले पाहिजे.